टॅक्स नको, कुलूप नको, घरात कळायला नको

बचतीच्या धंद्यात पैशापेक्षा किस्से जास्त जमा होतात. पैसे मुदत संपली की ज्याचे त्याला परत द्यावे लागतात, पण किस्सा परत मागायला कुणी येत नाही. उलट ज्याचा किस्सा असतो तोच जाताना बजावतो, "हे कुणाला सांगू नको हां!" आता असं म्हटल्यावर सांगणं भागच आहे.

मी सीए करत होते. सोडलं. का सोडलं ते विचारू नका, अख्ख्या खानदानानं विचारून झालंय आणि उत्तर ऐकायला एकही माणूस थांबलेला नाही. सध्या मी सुमन मावशीच्या टेबलावर बसते. मावशी अल्पबचतीची एजंट. लोकांकडून दर महिन्याला रोख घ्यायची, पोस्टात भरायची. मुकुंदवाडीत पोस्टाच्या भिंतीला लागून निळी ताडपत्री, तिच्याखाली एक टेबल आणि तीन खुर्च्या. चौथी खुर्ची पाठक काकांची. ती त्यांनी घरून आणलीय!

पाठक काका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. रोज साडेदहाला येतात, खुर्ची पुसतात आणि आमच्या गिऱ्हाइकांना फुकट सल्ले देत बसतात. मला हाक मारतात, "काय गं, अर्धी सीए!" पूर्ण माणूस म्हणून त्यांना जगात एकच माहीत आहे, आणि तो दाढी करताना त्यांना आरशात भेटतो.

आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला तीनच गोष्टी पाहिजे असतात. टॅक्स लागू नये, हवे तेव्हा निघावेत, आणि घरात कळू नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी कोळून प्यायलेय. तिसरी कुठल्याच परीक्षेला नव्हती.

*

सर्जेराव मामा कन्नड तालुक्यातले. मावशीच्या माहेरच्या गावकीतले. ऊस, आद्रक, आणि शहरात पोराच्या नावावर दोन फ्लॅट. एक दिवस पांढऱ्या जीपमधनं उतरले, टेबलावर रुमालाचं गाठोडं आदळलं.

"पोरी, अशी स्कीम सांग, एक रुपया टॅक्स नाय लागला पाहिजे."

"मामा, उत्पन्न कशाचं?"

"शेतीचंच की."

"मग त्या उत्पन्नावर टॅक्स नाहीच लागत."

मामांचा चेहरा पडला. मी जणू त्यांची जमीन काढून घेतली!

"नाहीच?"

"नाहीच."

"आन् मग इतकी वर्षं मी भ्यालो कशापायी?"

 मामांनी मिशीवरून हात फिरवला, आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघितलं, आणि आवाज चढवून म्हणाले, "ते काय नाय. ज्यायला टॅक्स लागतो त्यायची स्कीम दे आपल्याला. आपल्यात काय कमी हाय व्हय!"

*

टॅक्सला सगळ्यात जास्त घाबरतात ती माणसं, ज्यांना तो लागतच नाही. पाठक काकांचं पेन्शन टॅक्सच्या मर्यादेच्या वेशीपाशीसुद्धा जात नाही. तरी काका अडुसष्टाव्या वर्षी वाजतगाजत पीपीएफ उघडायला आले. का? तर "व्याज पूर्ण टॅक्स-फ्री!"

मावशी भोळी. ती म्हणाली, "काका, लई चांगलं हाय, पर पंधरा वर्षांचं असतंय."

"मग? पैसा कुलपातच शोभतो, सुमनबाई. आजकालच्या पोरांसारखं नाही आमचं, आज सुरू केलं नि उद्या सोडलं."

हे माझ्याकडं बघून. वर पेढे वाटले.

तिसऱ्याच आठवड्यात काकांची बोअरची मोटार जळाली. काका घाईघाईनं आले. "अर्धी सीए, त्यातले पाच हजार काढून दे."

"निघत नाहीत."

"निघत नाहीत म्हणजे? माझे आहेत!"

"तुमचेच आहेत. कुलपात शोभतायत."

"आणि किल्ली?"

"सातव्या वर्षाकडं. तीही सगळं कुलूप उघडत नाही."

काका पूर्ण दोन मिनिटं गप्प बसले. आमच्या टेबलाच्या इतिहासात हा विक्रम आहे. मग समोर आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "डोळे झाकून पीपीएफ घ्या! मालकालासुद्धा काढता येत नाही, चोराची काय बिशाद!"

*

मोटार शेवटी दुरुस्त झाली. पैसे कुठून आले ते चार दिवसांनी कळलं, पाठक काकू टेबलावर आल्या तेव्हा.

काकू पापड करतात. उडदाचे, नाचणीचे, पोह्याचे. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांत त्यांचे पापड असतात. ते पैसे त्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात ठेवायच्या. टॅक्स नाही, फॉर्म नाही, रांग नाही, हात घातला की पैसा! इतकी सोय कुठल्या बँकेत नाही. अडचण एवढीच, की हात कुणाचाही चालायचा. काकांनी घातला. विचारलंसुद्धा नाही. चार हजार गेले आणि वर म्हणाले, "घरातलेच आहेत."

काकू पदराचं टोक पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "बाळा, डब्यासारखं खातं असतं का? पण ह्यांचा हात पोचू नये असं?"

"किती साठवायचेत काकू? आणि कशाला?"

त्यांनी काकांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. काका तेव्हा डेंटिस्टकडं होते. काकू पुढं वाकल्या.

"गाडी घ्यायचीय."

मावशीच्या हातातलं पेन पडलं. "स्कुटी?"

"चारचाकी. सेकंड हँड असली तरी चालेल. मला अजिंठ्याच्या पायथ्याला, फर्दापूरला जायचंय, बहिणीकडे. सात वर्षं झाली. ह्यांना म्हटलं की म्हणतात, लेणी एकदा बघितलीत ना, परत काय बघायची? बदललीत का?"

"काकू, तुमचं वय?"

"अठ्ठावन्न. तू कितव्या वर्षी सोडलंस गं ते सीए?"

"बाविसाव्या."

"मग मी अठ्ठावन्नाव्या वर्षी धरलं तर काय बिघडलं?"

खरं सांगते, त्या दिवसापासून मी या बाईची भक्त आहे. माझं सीए 'सुटलं' असं न म्हणता 'सोडलं' म्हणणारी ती पहिली मोठी बाई.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक साधं बचत खातं, अडीअडचणीला हवं तेव्हा काढायला. आणि एक आरडी, दर महिन्याला तीन हजार. मुदत पाच वर्षं, पण तीन वर्षांनी मोडता येते. व्याज तेव्हा साध्या खात्याचंच मिळतं, पण गाडी व्याजावर नाही, पेट्रोलवर चालते.

"आणि टॅक्स?"

"काकू, टॅक्स वाचवायला आधी तो लागावा लागतो. तुम्ही एवढे पापड लाटले तर मी स्वतः येऊन तुमचा फॉर्म भरेन."

पासबुक कुठं ठेवायचं हा प्रश्न काकूंनी स्वतःच सोडवला. देव्हाऱ्यात, पोथीच्या फडक्यात. काका भिक्षुकांच्या घराण्यातले आहेत, हे ते दिवसातून तीनदा सांगतात. त्यामुळं पोथी उघडायला त्यांना वेळ मिळत नाही!

*

त्याच संध्याकाळी मी फुशारक्या मारत मावशीच्या घरी गेले. "मावशी, आज एका बाईला डब्यातनं बाहेर काढलं बघ!" मावशी म्हणाली, "लई झ्याक केलं. बस, खिचडी टाकती."

मी तुरीच्या डाळीचा डबा काढला. हात आत घातला. डाळीखाली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नोटा!

पंधरा वर्षं लोकांच्या दारोदार फिरून "घरात पैसा ठेवू नका" म्हणणारी बाई!

"मावशे, हे काय? व्याज बुडतंय ना!"

मावशीनं डबा माझ्या हातातनं शांतपणे काढून घेतला, वरची दोन मुठी डाळ पातेल्यात टाकली आणि म्हणाली, "बुडू दे. पोस्टातली डाळ शिजती का?"

*

खरी धमाल झाली ती खातं उघडायच्या दिवशी.

पोस्टातल्या खिडकीवर अंगठा लावायचं मशीन आहे. काकूंनी अंगठा लावला. लाल दिवा. पुसून लावला. लाल दिवा. तीस वर्षं पापड लाटून लाटून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या! खिडकीतला क्लार्क बिचारा चांगला होता. तो म्हणाला, "आजी, दुसरं बोट बघा. तोवर ह्या बाजूला बसा, मी नाव पुकारतो."

काकू आतल्या खोलीत जाऊन हात धुऊ लागल्या आणि तेवढ्यात दारातनं आत कोण आलं? पाठक काका. पासबुकात नोंद करून घ्यायला. येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले!

 काकू आत, काका बाहेर, मधे एक हिरवा पडदा. आणि क्लार्कनं खणखणीत आवाजात हाक मारली,

"मंदाकिनी पाठक! ओ मंदाकिनी पाठक!"

मी डोळे मिटले. संपलं सगळं. गाडी गेली.

काकांनी मान वर केली. चष्मा नाकावर चढवला. म्हणाले, "पाठक? आमच्यातलीच कुणीतरी दिसतेय."

मला कळेना. मी म्हटलं, "ओळखता का काका?"

"छे! पण बघ, पाठकांच्या रक्तातच बचत आहे."

लग्नात काकांनी बायकोचं नाव बदललं होतं. ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीनं 'सुलभा' लिहिलं, पेढे वाटले आणि काम संपलं. आधीचं नाव काय होतं ते अडतीस वर्षांत विसरूनही गेले. काकूंचं आधार मात्र शाळेच्या दाखल्यावर निघालेलं, आडनाव तेवढं सासरचं लावलेलं. ते कार्ड काकांनीच फाइलला लावलंय. त्याचा नंबर त्यांना पाठ आहे. हेडक्लार्क माणूस, नंबर वाचतो, नाव कशाला वाचेल!

काका नोंद करून निघून गेले. पडद्याआडून काकू आल्या. डाव्या हाताचं चौथं बोट लावलं, हिरवा दिवा लागला. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. हे खातं मंदाकिनीचंच आहे."

*

तिसऱ्या वर्षी काकूंनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. सकाळी सहा ते सात. घरी सांगितलं, काकड्याला जाते. काका टेबलावर येऊन अभिमानानं सांगायचे, "आमच्या हिची भक्ती फार वाढलीय. घरी येते ती घामाघूम होऊन. टाळ वाजवणं सोपं नाही!"

आपल्याकडं बायका गाडीवर निघाल्या की तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर गॉगल. सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. काकूही तशाच बसायच्या, चारचाकीत! क्लासचा मास्तर म्हणायचा, "काकू, काचा बंद आहेत, धूळ येत नाही." काकू म्हणायच्या, "धुळीसाठी नाही रे बाबा."

एका सकाळी बागेजवळच्या वळणावर गाडी बंद पडली. अगदी रिटायर मंडळींच्या कट्ट्यासमोर. सहा म्हातारे एका रांगेत, मधोमध पाठक काका. स्टार्टर मारला, गाडी ढिम्म. मास्तरनं खिडकीतनं मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ काका! जरा धक्का द्या ना!"

सहाच्या सहा उठले. काका सगळ्यात पुढं, कारण नेतृत्व! ढकलता ढकलता ओरडत होते, "बाईंना सांग, क्लच सोडा! क्लच! या वयात कशाला नसते उद्योग करतात बायका, घरचे लोक काही बोलत नाहीत का हिला!"

गाडी सुरू झाली. स्कार्फमधनं काकूंनी हात जोडले.

सातला काकू घरी पोचल्या. काका कंबर चोळत बसले होते. "आज एका मूर्ख बाईची गाडी ढकलली."

काकूंनी चहा पुढं ठेवला. "पुण्य लागलं हो तुम्हाला."

*

दिवाळीच्या तोंडावर काकांचा टीव्ही गेला. मोटारीनंतर पुन्हा एकदा डब्यात हात घातला, तर डब्यात फक्त डाळ! काकांना तीन वर्षांत पहिल्यांदा संशय आला. टेबलावर आले, खुर्ची माझ्याजवळ ओढली, आवाज खाली आणला.

"अर्धी सीए, कायद्याचं सांग. बायको पैसे लपवत असेल, तर नवऱ्याला विचारता येतं का?"

"येतं की."

"आणि तिनं सांगितलं नाही तर?"

"तर कायद्यानं गप्प बसता येतं."

मावशी पावती फाडता फाडता म्हणाली, "आत्तापासून बसा. सवय व्हईल."

काका उठून गेले. पण माझी झोप उडाली. तीन वर्षं व्हायला दोन महिने बाकी होते. या दोन महिन्यांत काकांनी पोथीचं फडकं सोडलं असतं तर? काकू मात्र बिनधास्त. म्हणाल्या, "बाळा, एवढे धार्मिक नाहीत ते."

*

आणि आता फर्दापूर.

आरडी मोडली, साध्या खात्यातलेही काढले. क्लासच्या मास्तरच्या ओळखीनं एक छोटी लाल गाडी मिळाली. दाराला पोचा, हॉर्न मात्र नवा! ती मावशीच्या दारात ताडपत्रीखाली आठ दिवस लपवली. कारण आठ दिवसांनी काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता, फर्दापूरला. इथं काकांना नाही म्हणता येईना. थोरले जावई ना! मान असतो, शाल असते.

रविवारी काकू म्हणाल्या, "अहो, पापडांची एक ऑर्डर द्यायचीय. तुम्ही पुढं व्हा, मी पुढच्या बसनं येते." काकांनी मनात हिशोब केला, वेगळं गेलं तरी तिकीट तेवढंच पडतं, आणि निघाले.

अर्ध्या तासानं आम्ही निघालो. काकू स्टिअरिंगला, मी शेजारी, माझ्या मांडीवर शंभर पापड. हर्सूल जाईपर्यंत काकूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. फुलंब्री गेल्यावर हळूच गुणगुणायला लागल्या. सिल्लोडच्या पुढं समोर लाल बस दिसली. आणि मागून तिसऱ्या खिडकीत, दांड्याला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, आमचे पाठक काका!

"काकू, मागंच राहा! दिसू आपण!"

काकूंनी स्कार्फ घट्ट केला, गिअर बदलला. "दिसायचं असतं तर एक्केचाळीस वर्षांत दिसले असते." आणि बसच्या बरोबरीला जाऊन हॉर्न दिला. लांबलचक!

काका दचकून जागे झाले. खाली बघितलं. लाल गाडी, चालवणारी बाई. त्यांनी खिडकीतनं बोट बाहेर काढून नाचवलं: हळू, हळू चालव! काकूंनी मान डोलावली आणि बस मागं टाकली. मी इतकी हसले की पापडांवरच पालथी पडले. वरचे अकरा मोडले.

अजिंठ्याचा घाट काकूंनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. दात ओठांवर, नजर रस्त्यावर. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "बदललीत हो लेणी. रस्ता किती जवळ आलाय." बहीण दारातनं धावत आली ती चप्पलही न घालता. गाडी मांडवासमोर जागा मिळेल तशी लावली आणि दोघी गळ्यात गळा घालून आत गेल्या.

तासाभरानं काका आले. धुळीनं माखलेले, मांडी आखडलेली. समोर काकू, हातात चहा.

"तू? आधी कशी?"

"आले."

काकांनी क्षणभर विचार केला आणि जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "मीच म्हटलं होतं हिला, दुसरी बस थेट असते."

मग मानाच्या खुर्चीवर बसले, शाल घेतली आणि नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना बचतीवर भाषण सुरू केलं. पैसा कुलपातच शोभतो. गाडी म्हणजे पैशाचा नुसता धूर. आज वाटेत एक बाई बघितली, काय तो हॉर्न, काय तो स्पीड. अशांच्या नवऱ्यांचं मला नवल वाटतं! मंडळी माना डोलवत होती. काकू शेजारी बसून चहा पीत होत्या.

तेवढ्यात बाहेर जेवणाचा टेम्पो आला आणि अडकला. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला. मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "अहो, ही लाल गाडी कुणाची? आडवी लागलीय, काढा लवकर!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. काकाही मान वळवून वळवून शोधत होते, कोण तो बेशिस्त माणूस.

काकू उठल्या. पदर कमरेला खोचला, अर्धा भरलेला कप काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या,

"धरा जरा."